कोंबडीच्या पायाची खूण

तांब्याच्या पाइपला डाख देताना तापवायचा असतो पाइप, कथील नाही. एवढं एक वाक्य मी नोकरीभर बोलत आलो. दरवर्षी नवी बॅच यायची, दरवर्षी पहिल्याच तासाला मी ते फळ्यावर लिहायचो, आणि दरवर्षी निम्मी पोरं बत्तीचा जाळ सरळ कथलाच्या तारेवर धरायची. मग मी ओरडायचो. नांदेडच्या आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत माझ्या ओरडण्याच्या गोष्टी व्हायच्या. शेजारच्या शेडमधले वेल्डिंगचे शिक्षक म्हणायचे, "तुमचा आवाज आला की आमची पोरंपण पाइप तापवायला लागतात." सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या ओरडण्याच्या मागे काय होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. आज लिहायला बसलो, कारण आता पेन्शन सुरू झाली आहे आणि माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही. म्हणजे हेसुद्धा काही धाडस नव्हे, ते आधीच सांगून टाकतो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तांब्याचे दोन पाइप एका सॉकेटात बसवले की मध्ये केसाएवढी फट राहते. पाइप पॉलिश पेपरने घासून लख्ख करायचा, नवसागराची पेस्ट लावायची आणि रॉकेलच्या बत्तीचा निळा जाळ त्यावर फिरवायचा. पाइप पुरता तापला की जाळ बाजूला घ्यायचा आणि कथलाची तार नुसती टेकवायची. कथील आपोआप त्या फटीत ओढलं जातं आणि गोल फिरून येतं. हाच डाख. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते. पाइप थंड असेल आणि कथील जाळानेच वितळवलं, तर ते नुसतं वर बसतं. बाहेरून चकाचक दिसतं आणि आत काहीही नसतं.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून तुटून नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, पाट्या येतात, जिपा येतात. पाणी काही येत नाही. आला तो दुष्काळ. एक साल गेलं, दुसरं गेलं, विहिरींचे तळ लोकांनी खरवडून पुन्हा खोदले. नांदेडला निदान गोदावरीत डोह उरले होते. तिकडे बालाघाटावर टँकरची वाट बघत लोकांचे दिवस जात होते. आणि अशा सालात मला काम मिळालं नळाची लाइन टाकायला माणसं शिकवायचं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. संस्थेत शिकवायला होतो, पण कायम नव्हतो. दर सहा महिन्यांनी एक कागद यायचा आणि मला पुढचे सहा महिने मिळायचे. आमच्या घरात सरकारी पगार आणणारा मी पहिला. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले. आई बुद्धवंदना करून उठली की दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचं लेकरू सरकारात हाय." तो सहा महिन्यांचा कागद यायला आठ दिवस उशीर झाला की मला जेवण जायचं नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

नव्या जिल्ह्यात उदगीर रस्त्यावरच्या एका गावी प्रसूतिगृह बांधून होत आलं होतं. त्यात गरम पाण्याची लाइन तांब्याची टाकायची असं वरून आलं. तिथल्या फिटर लोकांना लोखंडी पाइप आणि आटे एवढंच माहीत. म्हणून ठरलं की धातूचं काम येणारी आठ माणसं जमवून नांदेडला आणायची, मी त्यांना महिनाभर शिकवायचं आणि मग त्यांनीच जाऊन लाइन टाकायची. त्या आठांतला एक जण इमारतीत कायमचा फिटर म्हणून लागणार होता. अट अशी की त्या लाइनीत त्याचे स्वतःचे तीस डाख पाहिजेत आणि एकही गळता कामा नये. कोणाचा डाख कोणता हे कळावं म्हणून मी एक रीत घातली. भांड्यांवर जसं नाव घालतात, तशी प्रत्येकाने आपल्या डाखाशेजारी पाइपवर खिळ्याने आपली खूण कोरायची. मला ती कल्पना फार हुशारीची वाटली होती.

आठांत एक कल्हईवाला होता. चाळिशीचा, लोह्याचा, हडकुळा, हातांची बोटं कायमची काळी. भाता खांद्याला अडकवून तो आणि त्याच्याआधी त्याचा बाप त्या टापूतली गावं फिरले होते. घरोघर स्टीलची भांडी आली तसा धंदा बसला, आणि दुष्काळात तर कोणी पितळी भांडं कल्हईला काढेना. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणायचो. तो मला सायेब म्हणायचा. मी नको म्हटलं तरी म्हणायचा.

मामाला लिहिता येत नव्हतं. बाकीच्यांनी आपापल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. त्याने एका टोकातून तीन रेघा ओढल्या, कोंबडीच्या पायासारख्या. गावात दहा घरची भांडी एकत्र कल्हईला आली की हिशेब राहावा म्हणून त्याचा बाप हीच खूण घालायचा म्हणे. सगळ्यांनी त्याची टर उडवली. एक जण म्हणाला, "मामा, अंडं कवा देणार तुमचा पाइप?" मामा स्वतःही हसला.

पण त्याचा हात बघून आठच दिवसांत सगळ्यांचं हसू थांबलं. कथलाची तार हातात घेतली की तो आधी ती कानाजवळ नेऊन वाकवायचा. चोख कथील वाकवताना बारीक करकरतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, ऐकलं कधी नव्हतं. मामाने माझ्या कानाशी धरून ऐकवलं. डाख दिल्यावर तो गरम असतानाच कापसाच्या बोळ्याने एकाच फटक्यात पुसून घ्यायचा, कल्हईला पुसतात तसं, की त्या जागी नुसती एक बारीक पांढरी कड राहायची. माझ्या डाखाला खाली एक थेंब लटकलेला असायचा. मी सगळ्यांना सांगायचो की थेंब लटकला म्हणजे आत भरपूर गेलं. मामा एकदा हळूच म्हणाला, "सायेब, थेंब पुसून घेत जावा. उगं कथील जास्ती झालं म्हणून लटकतो त्यो." मी म्हणालो, बघू.

महिना संपला, आम्ही त्या गावी गेलो आणि लाइन टाकायला लागलो. इमारतीच्या आवाराबाहेर टँकरची जागा होती. तिथे पहाटेपासून घागरींची रांग. माणसं उठून गेली तरी घागरी आपापल्या जागी बसलेल्या. आम्ही आत पाण्याच्या नळाला डाख देत होतो आणि बाहेर बाया पाण्यावरून हमरीतुमरीवर येत होत्या. प्यायला आम्हाला दिवसाला एक कळशी मिळायची, नऊ जणांत. हात धुवायचा प्रश्नच नव्हता. रॉकेलपण रेशनवरचं, तेही मोजून.

मामाचे सत्तावीस डाख झाले होते. बाकी कोणाचे वीसच्या पुढे नव्हते. जागा त्याचीच हे सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि कोणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. एके दुपारी तो मला म्हणाला, "सायेब, एक डाव ही नौकरी लागली की मी भाता इकून टाकतो. लई फिरलो." एवढंच तो स्वतःबद्दल बोललेला मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरने निरोप आणला. मामाची बायको रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती, दिवस भरायच्या आधीच रस्त्याच्या कडेला बाळंत झाली. मामा हातातली बत्ती विझवून तसाच निघाला. डाख मोजायला इंजिनिअर परवा येणार होते. मामाचे तीन कमी पडत होते.

ते तीन डाख मी दिले. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला माणूस आवडत होता, आणि खरं सांगायचं तर उपकार करायची हौसही होती. दोन नीट झाले. तिसरा वरच्या टाकीखाली, पाइप वर नेणाऱ्या अरुंद शाफ्टच्या कोपऱ्यात होता. हात जेमतेम पोचत होता. बत्तीतलं रॉकेल तळाला गेलं होतं. पंप मारला तरी जाळ निळा होईना, पिवळाच राहिला. पिवळ्या जाळाने पाइपवर काजळी धरते आणि पाइप तापत नाही. हे मीच शिकवतो. खाली उतरून रॉकेल आणायचं म्हणजे अर्धा तास, आणि उकाड्याने जीव नको झाला होता. मी तार सरळ जाळात धरली. कथील वितळून गोल बसलं, खाली थेंब लटकला. चकाचक दिसत होतं. मी खिळा काढला आणि शेजारी कोंबडीचा पाय कोरला.

मामा चौथ्या दिवशी आला. "पोरगा झाला," म्हणाला. "मुठीएवढा हाय. जगला तर जगला." मी त्याला मोठ्या आनंदाने सांगितलं की तुमचे तीस भरले, तीन मी दिले, खूण तुमचीच घातली. मला वाटलं तो पाया पडेल. त्याने बत्ती उचलून हलवून बघितली. मग म्हणाला, "सायेब, त्ये तीन मी एकडाव तापवून बघू का?"

मी भडकलो. आता त्या भडकण्याची मला इतकी लाज वाटते की लिहितानाही हात अडतो. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "का? माझ्या हातावर भरवसा नाही? महिनाभर मी तुला शिकवलं का तू मला?" तोवर मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो म्हणाला, "न्हाई सायेब, तसं न्हाई," आणि कामाला लागला. त्याने पुन्हा विषय काढला नाही. त्याला बत्ती आणि अर्धा तास दिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

लाइन पुरी झाली की त्यात पाणी भरून, पंपाने दाब देऊन एक दिवस ठेवायचं असतं. नियमच आहे तो. त्याला एक टँकर पाणी लागलं असतं. बाहेर ती रांग असताना नुसतं तपासायला एक टँकर कोण देणार? इंजिनिअर म्हणाले, पाणी येईल तेव्हा येईल, तुम्ही लिहून द्या. आम्ही सायकलच्या पंपाने हवा भरली आणि डाखाडाखाला साबणाचा फेस लावून बघितलं. कोपऱ्यातल्या त्या डाखाला माझा हात पोचेना. मी मनात म्हटलं, तो तर मीच दिलाय. आणि कागदावर लिहून दिलं की चाचणी केली, गळती नाही. खाली सही केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, कुठून कुठून जमवून, दोन टँकर पाणी वरच्या टाकीत चढवलं. सकाळी आठला आम्ही गेलो तर आवारात गर्दी. जिन्यावरून पाणी उतरत होतं. रात्रभर उतरत असणार. टाकी रिकामी झाली होती. बाळंतिणींच्या खोलीत, कोऱ्या फरशीवर, बोटभर पाणी उभं होतं, त्यात चुना आणि सिमेंट मिसळलेलं. आणि बाहेरच्या रांगेतल्या बाया आत शिरून लुगड्याचे पदर त्या पाण्यात बुडवत होत्या आणि घागरीत पिळत होत्या. कोणी भांडत नव्हतं, कोणी बोलतही नव्हतं. एक म्हातारी वाटीने फरशी खरवडत होती. मी आयुष्यात पुष्कळ काही बघितलं, पण असं काही बघितलं नाही. ते मी केलं होतं.

इंजिनिअरांनी शिडी लावली, शाफ्टमध्ये टॉर्च मारली. वरूनच ओरडले, "ही कोंबडीच्या पायाची खूण कोणाची?"

मामा पुढे झाला. म्हणाले, वर येऊन बघ काय करून ठेवलंस. तो शिडीवर चढला. मी खाली शिडी धरून उभा होतो. त्याने डाखाकडे बघितलं. खाली तो थेंब लटकलेला होता. मामाने आयुष्यात एक डाख न पुसता सोडला नव्हता. त्याला काही सांगायची गरज नव्हती. त्याने मान वळवून खाली माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा माणूस बोलेल म्हणून आपण थांबतो ना, तसं बघितलं. चांगला थांबला. इंजिनिअर म्हणाले, "बोल की." माझ्या डोळ्यांपुढे दारात उभी असलेली आई होती, सहा महिन्यांचा कागद होता, आणि खोट्या चाचणीखालची माझी सही होती. मी शिडीच्या पायरीकडे बघत राहिलो.

"खूण माझी हाय, सायेब," मामा म्हणाला.

त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. जागा दुसऱ्याला गेली, तीसची अट बाजूला ठेवून वीस डाखवाल्याला. मामाने आपलं गाठोडं बांधलं, सगळ्यांना रामराम केला, मलाही केला आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागला. मी त्याच्या मागे गेलो नाही. मला काम होतं असं मी स्वतःला सांगितलं. तो डाख कापून मी नवा दिला, या वेळी पाइप तापवून. कापलेला तुकडा इंजिनिअरांनी माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "घेऊन जा. पोरांना दाखवा, डाख कसा द्यायचा नसतो."

पुढच्याच वर्षी मी कायम झालो. आईने गल्लीत साखर वाटली.

आणि तो तुकडा मी खरोखरच नांदेडला आणला. शिकवायचं साहित्य म्हणून त्याची स्टॉक रजिस्टरला नोंद झाली. नमुना, तांबे, खराब, नग एक. एकदा रजिस्टरवर चढलेली वस्तू फेकता येत नाही, हे कारण मी पुढची सतरा वर्षं स्वतःला दिलं. दर बॅचला मी तो हातोहात फिरवायचो. बघा, वरून चकाचक, आत पोकळ. पोरं विचारायची, "सर, कोणी केला?" मी म्हणायचो, "होता एक कल्हईवाला." पोरं त्या कोंबडीच्या पायाला हसायची. लातूरला जाताना एस.टी. लोह्याला दहा मिनिटं थांबते. सगळे चहाला उतरायचे. मी सतरा वर्षांत एकदाही उतरलो नाही.

मग एका बॅचला एक मुलगा आला. बारीक, अबोल, लोह्याचा. बत्ती मात्र पहिल्याच दिवशी अशी पेटवली की मी बघत राहिलो. तुकडा फिरत फिरत त्याच्याकडे आला तेव्हा तो हसला नाही. उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "सर, ही खूण आमच्या घरी हाय."

"कुठे?"

"बाबाच्या ठोकणीवर. बाजारात स्टोव्ह दुरुस्त करतो बाबा. दुरुस्त केला की खूण घालतो."

मी त्याचं वय मनात मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही. मुठीएवढा तो जगला होता. मी म्हणालो, "कोंबडीचा पाय कोणीपण काढतो. दे पुढं." त्याने तुकडा पुढच्याकडे दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बाकीची पोरं बत्त्या पेटवत होती. शेडभर तो फुर्र आवाज चालू होता. आमचं बोलणं कोणाला ऐकू जात नव्हतं.

"सर, बाबाला इचारलं," तो म्हणाला. "बाबा म्हणला, खूण माझीच हाय."

मी हजेरीपट पुढ्यात ओढला.

"डाखाचं इचारलं तर म्हणला, त्ये सरालाच इचार."

एवढी वर्षं झाली होती तरी मामाने मुलाला सांगितलं नव्हतं. त्याने मला बोलायला पुन्हा एकदा जागा दिली होती, शिडीवरून दिली होती तशीच. आता तर आई नव्हती, कागद नव्हता, मी कायम होतो, विभागाचा मुख्य होतो. तीन शब्दांचं काम होतं: डाख माझा होता. मुलगा समोर उभा होता. त्याच्या हातात कापसाचा बोळा होता. त्याला पुसायला मी शिकवलं नव्हतं. मी तुकडा उचलला. खाली थेंब लटकलेला होता.

"पाइप तापवला नाही," मी म्हणालो. "नुसतं कथील तापवलं. त्यानं."

मुलाने त्या थेंबाकडे बघितलं. मग "हाव सर" म्हणाला, जागेवर गेला आणि ते वहीत लिहून घेतलं.